रग्बीला हेल्मेट का नाही?

आज आम्ही चौघी तुमच्याशी बोलणार आहोत. आमच्यातल्या एकीनंही या जूनपर्यंत रग्बीचा चेंडू हातात धरलेला नव्हता, हे आधीच कबूल करतो. आमच्या मुली आठवीत आहेत. शाळेत यंदा मुलींचा रग्बीचा संघ सुरू झाला आणि चौघींच्या चार कार्ट्यांनी एकाच दिवशी घरी येऊन जाहीर केलं की आम्ही नाव दिलंय. आधी नाव दिलं, मग विचारलं.

मग पालकसभा झाली. कोच मॅडमनी संमतीपत्राचा कागद वाटला. तेवढ्यात एका मुलीच्या वडिलांनी उठून मोबाइल पुढे केला. त्यावर अमेरिकेतल्या फुटबॉलचा व्हिडिओ होता. डोक्यावर हे एवढं हेल्मेट, तोंडापुढे जाळी, खांद्यावर चिलखतासारख्या पट्ट्या. ते म्हणाले, "मॅडम, तोच लांबोडका चेंडू, तीच धक्काबुक्की. ते लोक पोरांना एवढं सगळं घालतात आणि तुम्ही आमच्या मुलींना नुसत्या टी-शर्टवर पाठवता?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावल्या. मॅडम म्हणाल्या, "हेल्मेट घातलं तर खेळ जास्त धोक्याचा होईल." आता पुण्यात असं बोललं की लोकांना वाटतं, आली आणखी एक हेल्मेटविरोधी. सभेत हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला. पण आम्ही चौघींनी तो सोडला नाही. दोन महिने वाचलं, सामने पाहिले, मॅडमचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

आधी दोन्ही खेळ थोडक्यात. दोन्ही इंग्लंडमधल्या एकाच जुन्या खेळातून निघालेले. रग्बीत एका बाजूला पंधरा जणी, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या टोकाची रेषा ओलांडून तो जमिनीला टेकवायचा. मोठी गंमत म्हणजे हातानं चेंडू पुढे फेकायचा नाही. बाजूला किंवा मागेच द्यायचा. म्हणजे जायचं पुढे आणि द्यायचं मागे. समोरचीने धरून पाडलं की चेंडू सोडायचा, मग दोन्हीकडच्या मुली त्यावरून ढकलाढकली करतात आणि खेळ तसाच चालू राहतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा जण असतात. तिथे हल्ला करणाऱ्या बाजूला चार संधी मिळतात. त्या चारांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे. प्रत्येक संधीला एकदा चेंडू पुढे फेकता येतो. एक संधी चार-सहा सेकंदांत संपते. मग सगळे थांबतात, घोळका करून पुढची चाल ठरवतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्रानं घड्याळ लावून मोजलं होतं. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो सुमारे अकरा मिनिटं! बाकी उभं राहणं, बोलणं आणि जाहिराती. रग्बीत ऐंशी मिनिटांपैकी तीस-पस्तीस मिनिटं तरी पळापळ असते.

आता हे चार संधी आणि दहा यार्ड जरा लक्षात ठेवा. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे.

तिथे वीतभर जमिनीचाही हिशोब असतो. समोरचा चेंडू घेऊन आला आणि त्याला धरता धरता तो आणखी दोन हात पुढे पडला, तर त्या दोन हातांनी त्याला नव्या चार संधी मिळू शकतात. म्हणून त्याला नुसतं पाडून चालत नाही. आहे तिथेच, जमलं तर मागे, आदळून थांबवावं लागतं. दोन्ही हातांनी कवटाळलंच पाहिजे असा नियमही नाही. शिवाय ज्याच्या हातात चेंडू नाही त्यालाही अडवता येतं, ढकलता येतं. म्हणजे धक्का कुठून येईल ते कळत नाही.

रग्बीत मीटर-दोन मीटर जमीन गेली तर आभाळ कोसळत नाही. कारण खेळ थांबत नाही, मोजपट्टी लागत नाही. समोरचीला तिच्याच वेगानं जाऊ द्यायचं, बाजूनं कमरेखाली धरायचं आणि आपल्यासकट खाली आणायचं. महत्त्व आहे ते लगेच उठून चेंडूसाठी झगडण्याला. जिच्याकडे चेंडू आहे तिलाच हात लावता येतो. हात न वापरता नुसता खांदा मारला तर तो फाउल. खांद्याच्या रेषेच्या वर धरलं तर फाउल, आणि डोक्याला जोरात लागलं तर लाल कार्ड.

कबड्डी पाहिलेल्या बायकांना हे लगेच उमजेल. चढाईला आलेल्या मुलीला धडक मारून उडवण्यापेक्षा घोट्यात, मांडीत पकड करून बसवणं हे खरं कसब. आमच्यातली एक कॉलेजात कबड्डी खेळायची. ती पहिल्याच दिवशी मैदानावर म्हणाली, "अगं, हे तर आपलंच आहे, फक्त दम धरायचा नाही." मॅडमनी तिला लगेच कामाला लावलं.

टॅकल शिकवतात कसं, ते आम्ही सहा आठवडे बघितलं. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू पळत. मॅडम एकच गोष्ट शंभरदा ओरडतात, "डोकं कुठंय?" डोकं समोरचीच्या मागच्या बाजूला हवं, तिच्या वाटेत नाही. गाल तिच्या कुल्ल्याला टेकलेला, नजर वर, हात घट्ट गुंडाळलेले. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की तिचा गुडघा नाहीतर कंबर थेट आपल्या कानशिलावर. रग्बीत मेंदूला धक्का बसण्याचे बहुतेक प्रसंग टॅकलमध्ये येतात, आणि लागतं बहुधा धरणारीला, जिला धरलं तिला कमी. आम्हाला आधी उलटं वाटत होतं.

तर मग अमेरिकेत हेल्मेट आलं कसं? तिथला इतिहास वाचून आम्ही अवाक झालो. सुरुवातीला तिथल्या कॉलेजांतही जवळजवळ रग्बीच चालायची. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी नियम बदलले. दोन्ही संघ समोरासमोर रांगेत, अकरा जण, ठरावीक संधी. खेळाची शिस्त वाढली, पण समोरासमोर आदळणंही वाढलं. सगळे मिळून पाचर करून एका माणसावर तुटून पडायचे. मुलं मरायला लागली. १९०५ च्या एका हंगामात वर्तमानपत्रांनी अठरा-एकोणीस मृत्यू मोजले. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगाही तेव्हा हार्वर्डमध्ये फुटबॉल खेळत होता, म्हणजे तेही आमच्यासारखे पालकच. १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळ्यांनी एका जागी गर्दी करू नये. पाच यार्डांचे दहा झाले.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांनी ठरवलं की आम्हाला हा फुटबॉलच नको. ती रग्बी खेळायला लागली आणि काही वर्षं खेळली. त्याचं फळ असं की १९२० आणि १९२४ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रग्बीचं सुवर्णपदक अमेरिकेनं जिंकलं. पॅरिसमध्ये फ्रान्सला १७-३ असं हरवून!

हेल्मेट आधी चामड्याचं होतं. ते डोक्याची कातडी वाचवण्यापुरतं. १९३९-४० च्या सुमाराला कडक प्लॅस्टिकचं आलं, १९४३ पासून त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ते सक्तीचं झालं. पुढे तोंडापुढची जाळी आली. कवट्या फुटायच्या कमी झाल्या, हे खरंच आहे. पण हळूहळू एक भलतंच सुरू झालं. डोकं झाकलंय, तोंड झाकलंय, दात सुरक्षित आहेत, मग डोकंच पुढे घालून मारायला काय हरकत आहे? कोच तसं शिकवायला लागले. माना मोडायला लागल्या, तरुण मुलं मानेखाली लुळी पडायला लागली. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये नियम केला की पहिला आघात डोक्यानं करायचा नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत असे लुळे पडणारे खेळाडू झपाट्यानं कमी झाले. हेल्मेट तेच होतं, बदलला तो नियम. सभेतल्या त्या वडिलांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

मेंदूचं मात्र हेल्मेटनं भागत नाही. स्टीलच्या डब्यात पातळ दही घालून डबा आपटला तर डब्याला पोचाही येणार नाही, पण आतलं दही हिंदकळणारच. मेंदू कवटीत तसाच हिंदकळतो. बाहेर रक्ताचा थेंब नसतो. २००२ मध्ये पिट्सबर्गच्या माइक वेबस्टर या नामांकित खेळाडूचा पन्नाशीत मृत्यू झाला. शवचिकित्सा करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवार धक्के बसून होणारा आजार दिसला. नंतर बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी या बाईंनी दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास केला. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलं की एनएफएल खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा आजार होता. आता, ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी बहुधा मेंदू दिले, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना तो होतो असं नाही. पण आकडा वाचून झोप उडते.

आणि ऐका, अमेरिकन फुटबॉलवाल्यांनीच आता रग्बीकडे पाहायला सुरुवात केलीय. न्यू हॅम्पशर विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही खेळाडूंना सरावाच्या थोड्या वेळात हेल्मेट काढून टॅकल शिकवलं. बोडक्या डोक्यानं कोण डोकं पुढे घालेल? हंगामाअखेर सामन्यांत आणि सरावात त्यांच्या डोक्याला बसणारे धक्के सुमारे अठ्ठावीस टक्के कमी झाले. २०१४ मध्ये सिएटल सीहॉक्सचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी रग्बीच्या पद्धतीनं, खांद्यानं आणि हातांनी टॅकल कसं करायचं, त्याचा व्हिडिओच सगळ्यांसाठी खुला केला.

हे सगळं ऐकून कुणी स्कूटरचं हेल्मेट माळ्यावर टाकू नका हं. रस्ता तुम्हाला आपणहून धडक द्यायला येत नाही आणि हेल्मेट घातलं म्हणून तुम्ही बसला डोकं मारत नाही. गाडीवर ते हवंच.

मग रग्बी सुरक्षित आहे का? नाही, मैत्रिणींनो. तसं म्हणालो तर आम्ही तुम्हाला फसवू. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातले स्टीव्ह थॉम्प्सन यांना चाळिशीत स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्यांना आठवत नाही. जगानं पाहिला, खेळणाऱ्याला आठवत नाही. फ्रान्समध्ये २०१८ साली तरुण खेळाडूंचे मृत्यू झाले, त्यानंतर तिथल्या हौशी रग्बीत कमरेच्या वर टॅकल करायला बंदी आली. २०२३ मध्ये इंग्लंडनंही हौशी खेळात टॅकलची उंची खाली आणली. रग्बीत काहीजणी मऊ टोपी घालतात. ती कान आणि कातडी वाचवते, मेंदूचा धक्का थांबवत नाही. दातांचं कवच मात्र प्रत्येकीला हवंच. २०२५ च्या महिला विश्वचषकात तर या कवचात यंत्र बसवलं होतं. फार जोराचा धक्का बसला की त्यातला दिवा लुकलुकायचा आणि खेळाडूला बाहेर नेऊन तपासायचे.

अंगाच्या ताकदीचं आणि कौशल्याचं म्हणाल, तर दोन्हीकडे मागणी वेगळी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं. हल्ला करणारे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथ मारायला तिसराच येतो. एकशे चाळीस किलोचा पहिल्या रांगेतला गडी अख्ख्या हंगामात चेंडूला हात न लावता काढू शकतो. पण त्या पाच सेकंदांत त्याचे पाय आणि हात जे काम करतात ते बघण्यासारखं असतं. आणि चेंडू पन्नास यार्ड लांब, पळणाऱ्या माणसाच्या ओंजळीत टाकणारा तो क्वार्टरबॅक! आमच्यातल्या एकीला तो खेळ आता रग्बीपेक्षा जास्त आवडतो, हे तिच्या परवानगीनं सांगतो. ती म्हणते, बुद्धिबळ आहे ते.

रग्बीत सगळ्यांना सगळं करावं लागतं. पळायचं, पास द्यायचा, धरायचं, पडायचं, उठायचं, आणि दमलेल्या अंगानं पुन्हा तेच. तरीही सगळ्यांची अंगं एकसारखी लागत नाहीत, आणि हे आम्हाला फार भावलं. स्क्रममध्ये पुढे ढकलायला भरीव खांद्यांची मुलगी लागते, चेंडू चटकन काढून द्यायला चिमुरडी चालते, लांबून आलेला चेंडू उंच झेलायला ताडमाड हवी. आमच्यातल्या एकीच्या मुलीला लहानपणापासून "जरा कमी खा" ऐकावं लागलं. मॅडम तिला बघून म्हणाल्या, "ही माझी पहिल्या रांगेतली." घरी येऊन तिनं ते वाक्य आजीला तीनदा ऐकवलं. अमेरिकेची इलोना मेहर हिलाही कुणीतरी तिच्या वजनावरून बोललं होतं. तिनं स्वतःच सांगून टाकलं की माझं वजन दोनशे पौंड आहे, म्हणजे जवळपास नव्वद किलो. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिच्या संघानं सात जणींच्या रग्बीत कांस्यपदक मिळवलं, ऑस्ट्रेलियाला शेवटच्या क्षणी १४-१२ असं हरवून.

बायका हा खेळ काही काल-परवा खेळायला लागल्या नाहीत. १८८७ साली आयर्लंडमध्ये एमिली व्हॅलेंटाइन नावाची दहा वर्षांची पोरगी भावांच्या संघात एक गडी कमी पडला म्हणून उतरली आणि धावली. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला. अधिकृत मान्यता नाही, पैसे नाहीत. सोव्हिएत संघातल्या बायका खर्चासाठी विकायला व्होडका घेऊन आल्या होत्या! तो चषक अमेरिकेच्या बायकांनी जिंकला. आपल्या देशाचा पंधरा जणींचा महिला संघ पहिल्यांदा २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हाची कर्णधार वाहबिझ भरूचा आपल्या पुण्याची. पुढच्याच वर्षी मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला विजय मिळाला. शेवटची निर्णायक किक ओडिशाच्या सुमित्रा नायकची.

आता आमच्या घरचं. गेल्या महिन्यात सरावात आमच्यातल्या एकीच्या मुलीचं डोकं दुसरीच्या ढोपरावर आपटलं. पडली, उठली, पुन्हा खेळली. कुणाला काही बोलली नाही. रात्री जेवताना तिनं आईला विचारलं, "उद्या डबा काय?" आईनं सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. तशाच दोघी दवाखान्यात गेल्या. सुदैवानं मोठं काही निघालं नाही, पण मेंदूला धक्का होता. मॅडमनी तिला खेळातून बाहेर काढलं. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हौशी खेळांसाठी सूचना आहे की असा धक्का बसल्यावर किमान एकवीस दिवस सामना खेळायचा नाही. मॅडमनी तेच धरलं. मधे मुलींचा पहिला सामना होता. ती रडली, रुसली, आईशी दोन दिवस बोलली नाही. मॅडम हलल्या नाहीत. आम्हाला विचाराल तर त्या दिवशी मॅडमवर आमचा खरा विश्वास बसला.

म्हणून ऐकणाऱ्या आयांनी हे लिहून घ्या. मुलगी कबड्डी खेळत असो, रग्बी खेळत असो की झाडावरून पडलेली असो. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, गरगरणं, उजेड सहन न होणं, एकाचे दोन दिसणं, तेच तेच विचारणं, उगीच चिडचिड किंवा गुंगी. यातलं एकही दिसलं तर खेळ बंद आणि डॉक्टर. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही, बहुतेक वेळा हरपत नाहीच. उलट्या थांबत नसतील, झोपेतून नीट उठत नसेल, झटके आले, हातपाय अडखळले, तर रात्र असली तरी थेट मोठ्या दवाखान्यात. मुलींना मेंदूचा धक्का मुलांपेक्षा जास्त वेळा बसतो, असं बऱ्याच खेळांत दिसलंय. मानेचे स्नायू हे त्याचं एक कारण सांगतात. आमच्या मुली आता रोज मानेचे व्यायाम करतात. आणि पोरींना आधीच बजावून ठेवा की लागलं तर सांगितल्याबद्दल कुणी रागावणार नाही. आमचीनं लपवलं ते संघातून काढतील या भीतीनं.

आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढं सगळं आहे तर खेळूच नये ना?" छोट्या मुलींसाठी एक मधली वाट आहे. कमरेला फीत लावायची, ती ओढली की पकडलं असं समजायचं, अंगाला धक्का नाही. रग्बीतही असं खेळतात आणि अमेरिकन फुटबॉलमध्येही. त्यांचा हा फितीचा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुलींसाठीही असणार आहे. पाचवीच्या मुलींना मॅडमनी तोच सुरू केलाय.

संमतीपत्रावर आमच्यापैकी तिघींनी सह्या केल्या. त्या एकवीस दिवसांवालीच्या आईनंही केली, सगळ्यांत शेवटी. चौथीनं अजून केलेली नाही. तिची मुलगी सध्या सरावाला येते, पास देते, पळते, फक्त टॅकलच्या वेळी कडेला बसते. आम्ही तिला आग्रह करत नाही. तिच्या प्रश्नांनीच आम्हाला एवढं वाचायला लावलंय. शनिवारी संध्याकाळी साडेचारला मुलींचा सराव असतो. तुमच्यापैकी कुणाला बघायचं असेल तर या. सतरंजी आम्ही आणतो, चहा तुम्ही आणा.